एकोणीस टप्पे

एसटीत भाडं किलोमीटरवर नसतं, टप्प्यावर असतं. एक टप्पा म्हणजे ६ किलोमीटर. सातवा किलोमीटर लागला की दुसरा टप्पा लागला, मग तुम्ही पुढच्या वळणावर उतरा नाहीतर पार देवळापर्यंत जा. सावंतवाडी आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून एकतीस वर्षं काढल्यावर कुठलाही आकडा दिसला की माझं मन त्याला सहाने भागून मोकळं होतं. रोज किती चालता असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून ‘अर्धा टप्पा’ निघून गेलं होतं.

त्यामुळे लेकीने जेवता जेवता सांगितलं, की शेवटचं विमान १०९ किलोमीटरचं आहे, तेव्हा मी म्हटलं, “म्हणजे एकोणीस टप्पे.”

“बाबा, थंय एसटी नाय,” ती म्हणाली. “रस्तोच नाय.”

ती वास्कोला हेडलँड सडा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात काम करते. माड, मासे आणि घामाच्या मुलखात बसून ही माणसं बर्फाचा अभ्यास करतात, याचं मला पहिली दोन वर्षं हसू यायचं. आता येत नाही. भारताचं उत्तर ध्रुवाकडचं संशोधन केंद्र ‘हिमाद्री’ २००८ च्या जुलैत सुरू झालं. ते नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात असलेल्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, नी-ऑलेसुंड नावाच्या गावात आहे. अक्षांश ७८ अंश ५५ मिनिटं. आमची सावंतवाडी १६ च्या आतबाहेर.

तिथे जायचं तर गोव्यातल्या मोपाच्या विमानतळाहून निघून दोन-तीन विमानं बदलत ऑस्लो गाठायचं. तो भाग मी सोडून देतो. त्या विमानांत जेवण मिळतं, सिनेमे दिसतात, रोज हजारो माणसं तो प्रवास करतात. माझा जीव अडकतो तो पुढच्या दोन फेऱ्यांत. उत्तर नॉर्वेतलं ट्रोम्सो ते स्वालबार्डमधलं लाँगइयरब्येन, आणि लाँगइयरब्येन ते नी-ऑलेसुंड. लाँगइयरब्येन हे नाव ऐकल्यावर मला वाटलं, जिथे रात्र महिनोन् महिने चालते त्या गावाला ‘लांब वर्ष’ हे नाव शोभलं. पण तसं काही नाही. जॉन मनरो लाँगइयर नावाच्या अमेरिकन माणसाने १९०६ मध्ये तिथे कोळशाची खाण काढली, त्याचं ते गाव. ‘ब्येन’ म्हणजे गाव. लाँगइयरवाडी म्हणा हवं तर.

पहिल्यांदा ती निघाली तेव्हा मी तिच्या जुन्या लॅपटॉपवर दोन विमानतळांमधलं अंतर सांगणाऱ्या जागा धुंडाळल्या. दोन्ही नावं लिहिली की उत्तर हजर. ट्रोम्सो–लाँगइयरब्येन: ९५७ किलोमीटर, १ तास ४१ मिनिटं. दुसरीकडे पाहिलं, तिथेही तेच. तिसरीकडे एका मिनिटाचा फरक. इतकं एकमत मला खटकलं. आमच्या आगारात दोन चालकांचं एका घाटाच्या वेळेवर कधी एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही.

मग मी वही घेतली आणि उलटा हिशेब केला. ताशी आठशेच्या थोडं वर धरून ९५७ ला भागलं, तर १ तास ११ मिनिटं येतात. वर अर्धा तास. म्हणजे वेग ठरावीक, आणि उड्डाण-उतरण्यासाठी सरसकट तीस मिनिटं. मुंबई–दिल्ली टाका, तोच हिशेब. मग मी मुद्दाम लाँगइयरब्येन–नी-ऑलेसुंड टाकलं. उत्तर आलं ३८ मिनिटं. आठ मिनिटं उडायची, तीस मिनिटं अशीच. प्रत्यक्षात तिथे जातं ते पंख्याचं छोटं विमान, त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. यंत्राला पकडल्याचा आनंद मला संध्याकाळपर्यंत पुरला.

अंतर मात्र बरोबर होतं. ते मी स्वतः पडताळलं. बाजारातून शाळेतल्या मुलांचा पृथ्वीगोल आणला, हिच्या विणकामातला लाल लोकरीचा धागा घेतला आणि ताणून धरला. भिंतीवरच्या नकाशात स्वालबार्ड एवढं पसरट दिसतं की त्यात दोन-तीन महाराष्ट्र मावतील. गोलावर ते आक्रसून नखाएवढं होतं. खरं म्हणजे ते महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढं आहे. कारण सोपं आहे, पण गोल हातात घेईपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. रेखांशाच्या उभ्या रेघा वर जाताना एकमेकींजवळ येतात. सावंतवाडीत एक अंश रेखांश म्हणजे १०७ किलोमीटर, लाँगइयरब्येनला तोच एक अंश २३ किलोमीटरही भरत नाही. फणसाच्या देठाकडे पाहा. खालच्या पोटाशी रुंद फाक, देठाशी बोटभर.

धाग्याच्या वाटेवर, साधारण मध्यावर, निळ्या रंगात एक ठिपका होता. ब्योर्नोया, म्हणजे अस्वलांचं बेट. वाटेतली जमीन काय ती तेवढीच. तिथे हवामान खात्याची मोजकी माणसं राहतात. मी लेकीला म्हटलं, “हा विनंती थांबा दिसतो.” ती म्हणाली, “विनंती कोण करतलो?”

आता आमच्याकडे धावण्याची वेळ कशी बसते ते सांगतो, कारण त्याशिवाय माझी खोड तुम्हाला कळायची नाही. सावंतवाडी ते आंबोली तीसेक किलोमीटर. दाणोलीपर्यंत गाडी सरळ येते. तिथून घाट लागतो. कागदावर घाटाचा वेग वेगळा धरतात, तो धरूनही पावसाळ्यात पुरत नाही. धुकं असतं, समोरून उसाचा नाहीतर वाळूचा ट्रक वळणावर अडकलेला असतो, दरड आलेली असते, धबधब्यावर भिजायला आलेल्या पोरांनी गाड्या रस्त्यात लावलेल्या असतात. एक म्हातारी खाली उतरते आणि मग तिचं गाठोडं उतरतं. चालक नवीन असेल तर पाच मिनिटं जास्त, जुना असेल तर दाणोलीचा चहा धरून तेवढीच. हे सगळं कुठल्याच सूत्रात बसत नाही. आम्ही जुनी वेबिलं, म्हणजे वाहकाचे फेरीचे कागद, काढून, गाड्या खरोखर किती वाजता लागल्या ते बघून वेळ बसवायचो. म्हणजे वेळापत्रक हे पुढचं भाकीत दिसत असलं, तरी असतं ते मागच्या उशिरांचं सार.

तर, पहिली खेप. जुलै महिना. तिथे तेव्हा सूर्य मावळतच नाही, एप्रिलच्या विशीपासून ऑगस्टच्या विशीपर्यंत चोवीस तास दिवस. ट्रोम्सोला तिच्या पासपोर्टावर बाहेर पडल्याचा शिक्का बसला. स्वालबार्ड नॉर्वेचं, पण शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, हद्दीबाहेरचं. म्हणून परत येण्यासाठी दोनदा आत येता येईल असा व्हिसा आधीच काढावा लागतो, नाहीतर माणूस वरच अडकला. गंमत अशी की स्वालबार्डला जायला स्वतःचा असा व्हिसाच नाही. १९२० साली पॅरिसमध्ये झालेल्या कराराने तिथलं सार्वभौमत्व नॉर्वेला दिलं आणि करारात असलेल्या देशांच्या माणसांना तिथे समान हक्क दिले. त्या देशांत इंग्रजांच्या राज्यातला आपला हिंदुस्थानही होता. माझे आजोबा तेव्हा आठ वर्षांचे असतील, आणि त्यांना ध्रुवाजवळ कोळसा काढायचा हक्क मिळाला होता. त्यांना शेवटपर्यंत पत्ता नव्हता.

विमान दाखवणारं ॲप मी तेव्हाच मोबाइलमध्ये घेतलं. ट्रोम्सोहून पिवळं चिन्ह निघालं, अस्वलांच्या बेटाशेजारून वर गेलं. हिने देवापाशी दिवा लावला होता, तिचा एक डोळा माझ्या मोबाइलवर. चिन्ह लाँगइयरब्येनच्या फ्योर्डवर, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाडीवर आलं, एक गिरकी घेतली, दुसरी घेतली. आणि तोंड दक्षिणेला वळवून आल्या वाटेने चालू लागलं.

“ह्यां खंय चल्लां?” ही म्हणाली.

धुकं होतं, हे नंतर कळलं. लाँगइयरब्येनला उतरता आलं नाही तर त्या टापूत एवढ्या मोठ्या विमानाला दुसरीकडे टेकायची सोय नाही, म्हणून परतीचं इंधन पोटात ठेवूनच विमानं वर जातात. साडेतीन तासांनी माझी मुलगी पुन्हा ट्रोम्सोत होती. जाऊन-येऊन १९१४ किलोमीटर झाले आणि अंतर शून्य. आमच्याकडे प्रवासी न घेता गाडी धावते त्याला डेड किलोमीटर म्हणतात. हे त्याहून अवघड. गाडी भरलेली, तिकिटं फाडलेली, फेरी झालेली, आणि तरी कोणी कुठे गेलेलं नाही. अशी नोंद करायला आमच्या कुठल्याच फॉर्मवर रकाना नव्हता. त्या दिवशी ९५७ किलोमीटरला १ तास ४१ मिनिटं लागली नाहीत. सव्वीस तास लागले. दुसऱ्या दिवशी आकाश मोकळं झालं तेव्हा ती पोचली आणि विमानतळाबाहेरच्या त्या पाटीखाली उभी राहून तिने फोटो पाठवला, जगातल्या शहरांकडे बाण दाखवणारी आणि अस्वलापासून सावध करणारी पाटी. उत्तर ध्रुव तिथून १३०० किलोमीटरच्या थोडा वर. सावंतवाडीचा बाण नव्हता.

विमानतळ १९७५ सालचा. वेळापत्रकाची प्रवासी विमानं जिथे उतरतात असा जगातला सगळ्यात उत्तरेचा हाच. धावपट्टी कायमच्या गोठलेल्या जमिनीवर बांधलेली आहे आणि ती जमीन आता पूर्वीसारखी स्वस्थ बसत नाही, म्हणून पट्टी पुन्हा पुन्हा समतल करावी लागते. हे वाचून मला घाटाखालच्या आमच्या त्या एका मोरीची आठवण झाली, दर जूनमध्ये खचणारी. विमानतळ होण्याआधी शेजारच्या दरीतल्या गोठलेल्या सपाटीवर विमानं उतरवायचे, आणि त्याच्याही आधी समुद्र गोठला की बोटी बंद, वसंतापर्यंत गाव एकटं.

वाचता वाचता माणूस नको तिथे जातो. मी रात्री उशिरा वाचत बसलो होतो आणि १९९६ चा अपघात समोर आला. २९ ऑगस्ट. मॉस्कोहून लाँगइयरब्येनकडे येणारं टुपोलेव विमान उतरणीला लागलेलं असताना वाटेवरून बाजूला सरकलं आणि ऑपेराफ्येल नावाच्या डोंगरावर आदळलं. विमानतळापासून चौदा किलोमीटरवर. बहुतेक जण रशियाच्या खाणीत कामाला असलेले कामगार आणि त्यांची बायकामुलं. १४१ जण होते, सगळे गेले. चौदा किलोमीटर म्हणजे तीन टप्पे. अशा ठिकाणी प्रवासी बॅगा आवरायला लागतात, कंडक्टर शेवटचं तिकीट मोजत असतो. मी लॅपटॉप मिटला आणि हिला काही सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही.

त्याच वाटेवरचं आणखी एक नाव मात्र मी दोघींनाही सांगितलं. दक्षिण ध्रुवावर पहिलं पाऊल ठेवणारा रोआल्ड अमुंडसेन. १९२६ च्या मे महिन्यात तो आणि इटलीचा उम्बर्तो नोबिले ‘नोर्गे’ नावाच्या हवाई जहाजातून, म्हणजे वायू भरलेल्या प्रचंड फुग्याच्या जहाजातून, नी-ऑलेसुंडहून निघून उत्तर ध्रुवावरून अलास्काला गेले. नंतर श्रेय कोणाचं यावरून दोघांचं फाटलं, एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. दोन वर्षांनी नोबिले आपलं वेगळं जहाज, ‘इतालिया’, घेऊन आला, ध्रुवावर जाऊन परतताना २५ मे १९२८ रोजी ते बर्फावर कोसळलं. आणि हा अमुंडसेन, वय पंचावन्न, त्याच नोबिलेला शोधायला १८ जून रोजी ट्रोम्सोहून एका फ्रेंच समुद्री विमानात बसून निघाला. विमानात सहा जण. त्या संध्याकाळी काही वेळ बिनतारी संदेश येत राहिले, मग थांबले. ऑगस्टच्या शेवटी ट्रोम्सोच्या किनाऱ्याजवळ त्या विमानाचा एक तरंगता भाग कोळ्यांना सापडला. माणसं कधीच सापडली नाहीत. नोबिलेची सुटका मधल्या काळात, २३ जूनला, दुसऱ्यांनीच केली होती. हवाई जहाज बांधायचा लोखंडी मनोरा नी-ऑलेसुंडमध्ये अजून उभा आहे, लेक रोज त्याच्या बाजूने कामाला जाते.

हे सांगताना मला वाटलं होतं पोरगी हसेल. ती म्हणाली, “भांडण होतां तरी गेलो.” आणि हात धुवायला उठली.

आता एक जुनी गोष्ट सांगतो, ती माझ्या डोक्यातून त्या जुलैपासून जात नाही. आंबोलीच्या पलीकडे चौकुळला आमची वस्तीची गाडी जायची. संध्याकाळी निघायची, रात्री तिथेच मुक्काम, सकाळी तीच गाडी परत. चाळीसेक किलोमीटर, म्हणजे सात टप्पे. मोबाइल नव्हते. गाडी सुटली की ती आमच्या हिशेबातून जायची ती थेट दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर शिरायची तेव्हा परत यायची. मधली रात्र कोणाचीच नसायची.

नव्वदच्या दशकातला एक जुलै. दुपारपासून धो धो. रात्री साडेनऊला मी खिडकीचं कुलूप लावत होतो, तेवढ्यात त्या गाडीच्या चालकाची बायको आली. डोक्यावर प्लास्टिकच्या पोत्याची खोळ, कडेला झोपलेलं पोर, पोराच्या पायात एकच चप्पल. घाटात दरड आल्याचं तिला कोणीतरी बाजारात सांगितलं होतं. तिने विचारलं, “सायबानू, गाडी पोचली काय?”

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं. पावणेनऊ ही पोचायची वेळ. मी म्हटलं, “पोचली असतली.”

असतली. म्हणजे पोचली असं नाही, नाही पोचली असंही नाही. मला ठाऊक काहीच नव्हतं, मी फक्त तक्ता वाचला होता. ती काही बोलली नाही. बाकावर बसली, पोराला मांडीवर घेतलं आणि भिंतीला टेकली. मी छत्री उघडून घरी गेलो, जेवलो, झोपलो. सकाळी सहाला आलो तेव्हा ती तिथेच होती, पोर उठून बाकाखालच्या मांजराशी खेळत होतं. गाडी दरडीच्या खालीच, दाणोलीत, रात्रभर उभी राहिली होती. चालक-वाहक गाडीतच झोपले. सात वाजता ते आले तेव्हा बाईने नवऱ्याकडे बघितलं, पोराची एक चप्पल हरवल्याचं सांगितलं आणि दोघं घरी गेली. माझ्याशी कोणी भांडलं नाही.

दुसऱ्या खेपेला लेक फेब्रुवारीत गेली. २०२३ च्या डिसेंबरपासून भारताची माणसं हिवाळ्यातही हिमाद्रीत राहू लागली आहेत. सामानाचं वजन काटेकोर, कारण शेवटचं विमान लहान. आमच्या घरात काजूच्या बियांचा स्प्रिंगकाटा आहे, त्याला बॅग अडकवून मी आढ्याखाली उभा राहिलो. दीड किलो जास्त. ही काही कोकमाची सोलं काढायला तयार नाही, मसाला काढायला तर अजिबात नाही. लेक म्हणत होती की तिथे सगळं गाव एकाच भोजनगृहात जेवतं, चांगलं जेवण असतं. शेवटी निघालं काय, तर माझं दिलेलं पंचांग आणि एक जाड पुस्तक. सोलं गेली.

ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन या वेळी एक तास चाळीस मिनिटांत झालं. त्या दिवशी सूत्राचा मान राहिला. आणि मग एकोणीस टप्प्यांपाशी गाडी अडकली.

ते विमान डॉर्नियर २२८. वास्कोत राहणाऱ्याला त्याचं अप्रूप नाही, नौदलाची डॉर्नियर दाभोळीवरून उठताना लहानपणापासून दिसतात. आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्स ही विमानं कानपूरला बनवते. एकोणीस आसनांपर्यंतचं, पंख वर, पंखे दोन. हेही एकोणीस, मला बरं वाटलं. नी-ऑलेसुंडची पट्टी खडीची, आठशे मीटरच्या जरा वर. आठवड्यातून मोजक्याच दिवशी ते जातं, तेही ढग वर असले तर. पहिल्या दिवशी वारा. दुसऱ्या दिवशी बर्फ. लेक लाँगइयरब्येनच्या एका वसतिगृहात बूट काढून बसलेली, कारण तिथे आत शिरताना बूट काढायची रीत आहे, जुन्या खाणकामगारांच्या काळापासूनची. उन्हाळ्यात बोट असते. आत्ता समुद्रही नाही आणि रस्ता तर नाहीच, स्वालबार्डमधल्या गावांना जोडणारा रस्ता कुठेच नाही. मी रोज सकाळी विचारायचो, ती लिहायची, “आज नाय.” पुढे कधी कधी एक हसरा चेहरा. अडीच हजार वस्तीच्या त्या गावात तिने तीन दिवसांत दोन्ही बाजूंची सगळी दुकानं बघून संपवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला, आमच्या घड्याळात, तिने लिहिलं, “निघतंय. आता फोन बंद.”

हा फोन बंद म्हणजे नेहमीसारखा विमानापुरता बंद नव्हे. नी-ऑलेसुंडच्या भोवती वीस किलोमीटर वायफाय, ब्लूटूथ अशा बिनतारी गोष्टींना मनाई आहे. गावात उतरण्याआधी फोन फ्लाइट मोडवर टाकायचा आणि परत निघेपर्यंत तसाच ठेवायचा. माणूस विमानातून उतरतो, फोन मात्र आठवडेच्या आठवडे विमानातच असतो. याचं कारण तिने पहिल्या खेपेला मला समजावलं होतं आणि मला ते एसटीतल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त आवडलं.

तिथे नॉर्वेच्या भूमापन खात्याच्या मोठाल्या ताटांसारख्या अँटेना आहेत. २०१८ मध्ये तिथे नवी वेधशाळा सुरू झाली, जुळ्या अँटेनांची. त्या अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असलेल्या क्वेसारांकडून, म्हणजे दूरच्या आकाशगंगांच्या अतितेजस्वी गाभ्यांकडून, येणारे रेडिओ तरंग ऐकतात. ते इतके क्षीण की शेजारचा मोबाइल म्हणजे कानाशी ढोल. तोच तरंग त्याच वेळी दुसऱ्या खंडांवरच्या अँटेनाही ऐकत असतात. एकीला तो जरा आधी पोचतो, दुसरीला नंतर. अणुघड्याळांनी तो फरक मोजायचा, प्रकाशाच्या वेगाने गुणायचा, की दोन अँटेनांमधलं अंतर मिळतं. हजारो किलोमीटर, आणि चूक काही मिलिमीटरांची. पृथ्वी किती वेगाने फिरते, खंड किती सरकले, हेही त्यातूनच कळतं. बर्फ वितळून भार हलका झाल्यामुळे नी-ऑलेसुंडची जमीन दरवर्षी काही मिलिमीटर वर उचलली जाते, तेही.

मला यातलं इतकंच कळलं की हे लोक किलोमीटरवरून वेळ काढत नाहीत. आधी वेळ मोजतात, मग अंतर ठरवतात. नेमकं कधी पोचलं, हे कळल्याशिवाय किती लांब हे बोलायचं नाही. आयुष्यभर आम्ही उलटं करत आलो. आमचं चूक नव्हतं, आमच्याकडे क्वेसार नव्हता, दाणोलीचा चहावाला होता.

दोनला निघालेलं विमान अडीचला उतरायला हवं. ॲपमध्ये ते दिसलंच नाही. डोंगरांच्या आड एवढं छोटं विमान सगळीकडे दिसत नाही म्हणे. अडीच वाजले. पावणेतीन. तिकडे तेव्हा सकाळचे सव्वादहा, फेब्रुवारीतला निळा उजेड असणार, सूर्य अजून डोंगराच्या वर आलेला नसणार. असणार, नसणार. मी ओसरीवर येऊन बसलो.

“पोचलां काय ओ चेडू?” हिने आतून विचारलं.

जिभेवर शब्द तयार होता. तो गिळला आणि म्हटलं, “म्हायत नाय.”

ही बाहेर आली. हातात काजूचं सूप होतं, मोसमातल्या पहिल्या बिया. ती माझ्याशेजारी पायरीवर बसली आणि एकेक बी निवडू लागली. फुटकी एका बाजूला, चांगली दुसऱ्या बाजूला. तिने पुन्हा विचारलं नाही. समोरच्या रस्त्याने बांद्याची गाडी गेली, सहा मिनिटं उशिरा. साडेतीन झाले. चार. वाटीत फुटक्या बिया साठत गेल्या.

सव्वाचारला फोन आला. लॅपटॉपला तार जोडून केलेला, आवाज इतका स्वच्छ की शेजारच्या खोलीतून बोलतेय असं वाटावं.

“बाबा, पोचलंय. कधीच पोचलंय मगे, पण आधी जेवाक नेल्यानी, मग खोली. आवशीक सांग मसालो फुटूक नाय.”

“चाकं किती वाजता टेकली?” मी विचारलं.

“तां कोण बघता?”

ही हातातलं सूप तसंच ठेवून फोनकडे वाकली आणि दोघींचं थंडी, मोजे आणि सोलं यावर सुरू झालं. मी आत जाऊन वही काढली. गाव, निघाल्याची वेळ, अंतर, टप्पे, सगळे रकाने भरलेले होते. पोचल्याच्या रकान्यात ४.१५ लिहिलं आणि बाजूला बारीक अक्षरात, फोनची वेळ.